तळटीपेतलं नाव

परभणीच्या स्टेशन रोडवरच्या दुकानात कमल आली होती नोकरीचा अर्ज टाइप करून घ्यायला. पण तिची नजर गेली मशीनमध्ये चढवलेल्या भलत्याच कागदावर. ज्वारीच्या खोडमाशीवरचा प्रबंध होता. ज्या वाफ्यात पहाटेचं दव जास्त, त्या वाफ्यात माशी जास्त... अगं बाई, हे तर तिचंच! गेल्या कार्तिकात कृषी कॉलेजच्या शेतात गारठून तिनं हे टिपलं होतं आणि बांधावरून चालताना एकालाच सांगितलं होतं.

तो एकजण बाकावर कार्बन लावत बसला होता. सोनपेठचा बन्सीधर, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पाहून त्याचं तोंडच उतरलं.

"हे दव कोणाचं हाय?" तिनं कागदावर बोट ठेवलं.

"तुमचं."

"मग माझं नाव कुठाय? दुनियेतल्या लोकांची नावं सालासकट कंसात घातलीत. माझंच कामून न्हाई?"

"घातलं होतं की... गाईड सरांनी खोडलं. म्हणले, छापून आलं असंल तरच संदर्भ द्यायचा. पोरीनं बांधावर सांगितलेलं चालत न्हाई."

"आन् तुमी मान डोलावली."

टायपिस्ट पंडितमामा उगाच रिबीन तपासायला लागले.

"आज सरांची सही झाली न्हाई, तर परीक्षा पुढच्या सत्रात जाती," बन्सीधर हळूच म्हणाला. "कृषी खात्यातली जागाबी जाती..."

"मग घ्या की सही. मी कोण अडवणार?"

अर्ज तसाच घेऊन ती हॉस्टेलवर परतली. आता खरं सांगायचं तर तो तिला लय आवडायचा, म्हणून तर हे इतकं झोंबलं होतं. परका असता तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. तिनं वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. स्टोव्हवर चहा उतू गेला. झाडलेली खोली ती परत झाडायला लागली.

"अंगात आल्यागत काय करायलीस?" खोलीतली केशर म्हणाली. "बस की जरा."

बसवेल तर ना! दिवेलागणीला ती गेटपाशी गेली, तर समोरून सायकल हातात धरून बन्सीधर येत होता. त्यानं प्रबंध उघडून पुढं धरला. दवाच्या ओळीखाली तळटीप होती – कमल खंदारे, प्रत्यक्ष चर्चेतून.

"सरांनी सही केली?" तिनं विचारलं.

"न्हाई. नाव काढून आण म्हणले. मी काढलं न्हाई."

"येडे का खुळे तुमी?" तिचे डोळे भरून आले. "आन् नोकरी?"

"दुसरी बघू." तो जमिनीकडं बघत राहिला. "सर लय चिडले. म्हणले, एका नावापायी सत्र घालवायलास, कोण लागती ती तुझी?"

"मग... काय सांगितलंत?"

"म्हणलं, तिला अजून विचारलं न्हाई."

कमलला हसू आवरेना आणि डोळेही पुसवेनात. प्रबंध छातीशी धरून ती म्हणाली, "उद्या परत जावा सरांकडं. आधी सांगा, काम तिनं केलंय, म्हणून नाव घातलंय. आन् मग सांगा... माझी होणारी बायको हाय."