पाण्यातलं पोवळं

बॅरन प्रॉस्पेरो आपल्या अजबखान्यात डोकं फुटून मेला तेव्हा पोवळी काढणारा मासी पाणबुड्या समुद्रावर होता. ट्रापानीच्या बंदराला बोट लागताच त्याला बेड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्याची बायको व्हेनेरा डॉन कोर्राडोच्या दारात उभी राहिली. कोर्राडो लोकांची कोडी सोडवून पोट भरत असे. त्याचा मेहुणा नार्दो बरोबर हिंडायचा आणि त्याला सगळं उशिराच समजायचं.

“हे एकटेच होते बोटीत,” ती म्हणाली. “साक्षीला कोण येणार, मासे?”

बॅरनच्या घरी मासी वसंतापासून फिरकलाच नव्हता. पाहुण्यांसमोर बॅरन पाणबुड्यांकडून वदवून घ्यायचा, की पोवळं पाण्यात मऊ असतं. मासी तेवढं म्हणेना, म्हणून बॅरनने त्याला हाकलून दिलं होतं.

“म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? नुसत्या पावावर दिवस काढले आम्ही. हट्टी मेला.” आणि ती रडली.

अजबखान्याची किल्ली बॅरनच्या घरच्या म्हाताऱ्या फादर आन्सेल्मोकडे होती. तेवढ्यावरून नार्दोने मनात त्यालाच खुनी ठरवून टाकलं. भिंतीवर ग्रीक पुराणातल्या, सापांच्या केसांच्या मेदूसाचं चित्र, खाली पोवळ्यांच्या फांद्या. तिच्या रक्ताने समुद्रातलं गवत दगड झालं, फादरने सांगितलं, म्हणून पोवळं पाण्यात गवतासारखं असतं आणि वारा लागताच कडक होतं. मालकांनी मासीला हाकलल्याचं फादरने कबूल केलं. हसं होईल म्हणून मालकांनी ते पुतण्यालाही कळू दिलं नव्हतं.

पुतण्या लेलिओ पादुआहून शिकून आलेला, एकुलता वारस. खुनाच्या वेळी दाराआडून त्याने मासीचा आवाज ओळखला होता म्हणे. मासी सांगत होता, “मालक, पाण्यात ही फांदी बोटांनी वाकवली, वर आणली तर दगड.” मग सौदा फिसकटला आणि घाव पडला, असं लेलिओचं म्हणणं.

कोर्राडो तिथून थेट मासीच्या बोटीवर गेला. पोवळं तोडायचा लोखंडी आकडा हातात घेऊन बराच वेळ बसला. नार्दोला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

न्यायाधीशापुढे कोर्राडोने तोच आकडा ठेवला.

“बोटांनी वाकणाऱ्या वस्तूला लोखंड कशाला, महाराज? पोवळं पाण्यातही दगडच असतं. पाणबुडे पोटासाठी खोटं बोलतात, पण मासी उपाशी राहिला तरी तसं बोलला नाही. लेलिओला ते ठाऊक नव्हतं. त्याने पोथीतलं वाक्य मासीच्या तोंडी घातलं. आत मासी नव्हताच. होता तो लेलिओ.”

लेलिओ पांढराफटक पडला. नार्दोच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला.

मासीला त्यासाठीच हाकललं होतं का, असं न्यायाधीशाने फादरला विचारलं. फादरने नव्या मालकाकडे पाहिलं आणि आपल्याला काही आठवत नाही म्हणाला.

“डॉन कोर्राडो,” न्यायाधीश म्हणाला, “माझ्याही घरी पोवळी आहेत. मी स्वतः पाहुण्यांना सांगतो, पाण्यात मऊ असतात. म्हणजे मी मूर्ख?”

“पुराणातली वांगी पुराणात, महाराज. खाली उतरून बघा.”

“उतरतात ते सगळे ह्याचेच भाऊबंद.” तो मासीकडे वळला. “मऊ असतं म्हण. म्हणजे लेलिओने ऐकलं ते खरं, आणि गुन्हा कबूल. मग फाशी नाही, जन्मभर गलबतावर वल्ही मारशील.”

चोर सोडून संन्याशाला सुळी, नार्दो पुटपुटला.

व्हेनेराने कठड्यातून हात घालून नवऱ्याची बाही धरली. “म्हणा हो,” ती म्हणाली. “माझ्यासाठी म्हणा.”

मासीने मान खाली घातली.

“मऊ असतं,” तो म्हणाला. “गवतासारखं.”

न्यायाधीशाने समाधानाने मान हलवली आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं.