आभाळातली रेघ

"हलू नका," मी टेबलाखालून म्हणाले.

दारातून आत येणारे तपकिरी बूट जागच्या जागी थांबले. एक पाय जमिनीवर, दुसरा अजून हवेतच.

"किती वेळ?" वरून आवाज आला.

"स्क्रू सापडेपर्यंत. तिळाएवढा आहे, आणि माझ्याकडे तसा एकच आहे."

"मग हा पाय ठेवू की नको?"

"नको."

आणि त्याने खरंच ठेवला नाही. एका हाताने दाराची चौकट धरून, खांद्यावर बॅग सांभाळत तो एका पायावर उभा राहिला, आणि मी गुडघ्यांवर रांगत फरशीवरून लोहचुंबक फिरवत राहिले. शेवटी स्क्रू सापडला तो त्याच्या हवेतल्या बुटाच्या तळव्यातच, रबराच्या खाचेत रुतलेला. मी चिमट्याने तो अलगद काढला. म्हणजे त्याचा चेहरा बघण्याआधी मी त्याच्या बुटाचा तळवा पाहिला होता, आणि त्याने माझ्या केसांतलं जळमट.

"इथे," तो स्वतःच्या कानाजवळ बोट नेत म्हणाला. "नाही, दुसरीकडे... हां."

आमचं दुकान एकच, पण कारभार दोन. पुढच्या उघड्या भागात दादा. गाड्यांचे मागचे कॅमेरे आणि बंपरमधले सेन्सर हे त्याचं खातं. गाडी मागे घेताना जे पीं पीं वाजतं ना, ते. त्यातल्या एखाद्या सेन्सरवर चिखल वाळला, की गाडी मोकळ्या मैदानातसुद्धा भिंत आली म्हणून बोंबलते. मग लोक घाबरून येतात आणि दादा ओलं फडकं फिरवून त्यांना परत पाठवतो. आतल्या काचेच्या खोलीत मी. फोटो काढायचे कॅमेरे. हे टेबल मला मिळून वर्ष झालं होतं, तेही कटकट करकरून. "एक कॅमेरा बिघडवलास, की इथे माझी बॅटरी चार्ज करायची मशीन ठेवीन," असं दादाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. दादा चेष्टेत बोलतो. पण चेष्टेत बोललेलं करूनही दाखवतो.

त्या माणसाने बॅगेतून कॅमेरा काढला.

"मी हवामान केंद्रात आहे. दिवसातून तीनदा आभाळाचे फोटो काढतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून."

"नुसतं आभाळ?"

"नुसतं आभाळ. ढग असले तर ढग. आता आमचे साहेब विचारतायत, हा कुठला पक्षी, जो तीन महिने एकाच जागी उडतोय?"

मी हसू दाबलं. कॅमेरा पांढऱ्या कागदावर रोखून एक फोटो घेतला आणि पडदा त्याच्यासमोर धरला. करडे, धूसर ठिपके.

"एक नाही, सात आहेत. थवा आहे तुमचा."

लोकांना वाटतं, डाग लेन्सवर असतो. लेन्स पुसून पुसून ते दमतात. धूळ असते आत, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच्या पातळ काचेवर. लेन्स बदलताना क्षणभर तोंड उघडं राहतं तेवढ्यात ती आत शिरते. काढायची रीत साधी आहे. रबरी फुग्याने आधी हवा मारायची, बघायचं, परत हवा मारायची. सुटी कचकच सगळी उडाली याची खात्री झाली, की मगच ओल्या पट्टीची काडी घेऊन एकदाच, एका दिशेने फिरवायची. कचकच राहिली आणि वरून काडी फिरवली तर ती काच कोरत जाते.

मी एकदा हवा मारली. तो समोरच्या स्टुलावर बसला होता, गुडघ्यांवर कोपर टेकवून, फारच जवळ...

"श्वास घेतला तर चालेल का?" त्याने हळूच विचारलं.

"तुमचा चालेल. माझा नाही."

"मग मी पण नाही घेत. सोबत."

आणि त्याने खरंच गाल फुगवले.

मला हसू आलं. हसतच माझा हात काडीकडे गेला. दुसऱ्यांदा हवा मारायची राहिली. मी काडी टेकवली, ओढली — आणि बोटांच्या टोकाला काहीतरी लागलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं लागलं.

पुन्हा कागदाचा फोटो घेतला. साती ठिपके गेले होते. उजवीकडे वर, केसाएवढी एक रेघ आली होती.

"झालं?" त्याने विचारलं.

काचेपलीकडे दादा होता. समोर हा, श्वास सोडून हसत, घड्याळाकडे बघत. "बाराचा फोटो चुकेल हो. आणि शनिवारी डोंगरावरच्या केंद्रावर चाललोय, दोन महिन्यांसाठी. तिथे तर दुरुस्तीवालं कुणी नाही."

"झालं," मी म्हणाले.

हा मंगळवार.

बुधवारी मी एका गिऱ्हाइकाचं झाकण दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला लावून दिलं. चहात साखर दोनदा घातली, मग एकदाही नाही. बाहेर जाऊन आभाळाकडे बघून आले. ते आपलं निळं, निर्दोष. त्याच्या कॅमेऱ्यात मात्र आता त्याला चरा होता, आणि तो चरा दोन महिने रोज तीनदा उमटणार होता. पावतीवर त्याचा नंबर होता. मी लावला, वाजायच्या आत कापला. परत लावला, परत कापला.

दुपारी तो दुकानासमोरून गेला. पावलं मंद झाली, मान आत वळली... आणि मी टेबलाखाली बसले. या खेपेला स्क्रू पडला नव्हता.

"काय शोधतेयस?" दादाने विचारलं.

"काही नाही."

"सापडलं का?"

गुरुवारी तो दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला दारापर्यंत आला. दादा दारातच एका गाडीच्या बंपरला फडकं मारत उभा होता. तो दादाशी काहीतरी बोलला, हवेबद्दल असावं, कारण दोघांनीही वर बघितलं. मग निघून गेला. तक्रार करायला आला असणार. मग केली का नाही? आणि तक्रारीला आला नसेल, तर कशाला? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त छळत होता. रात्री आईने विचारलं, "अंगात कसकस आहे का?" मी हो म्हटलं. तेवढंच सोपं होतं.

शुक्रवारी दुकान बंद करताना मी दादाला सगळं सांगितलं. फुगा, काडी, रेघ. गाल फुगवल्याचं नाही सांगितलं. दादाने फडक्याला हात पुसले.

"पहिल्या वर्षी मी एका गाडीत डावीकडची तार उजवीकडे जोडली होती," तो म्हणाला. "भिंत उजवीकडे आहे असं गाडी सांगायची. बिचारा माणूस डावीकडे वळवायचा."

"आणि भिंत?"

"डावीकडे."

"मग तू सांगितलंस त्याला?"

"मी सांगायच्या आधी भिंतीने सांगितलं. ते अजून खुपतं." फडकं खुंटीला अडकवून तो म्हणाला, "टेबल तुझंच राहील, ठमे. पण त्याला तू सांगायचं. फोनवर नाही. बस कितीची आहे त्या ढगवाल्याची?"

"सातची. डोंगरावर दिवसाला एकच जाते. पण तो ढगवाला माझा नाही."

"मी 'तुझा' म्हणालो?"

नव्हता म्हणाला.

शनिवारी पावणेसातला दादाने मला बसस्थानकाच्या फाटकाशी सोडलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिला. माझ्या खांद्याला माझा स्वतःचा कॅमेरा होता. त्याच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा, त्याची लेन्स बसेल असा. वारा सुटला होता. तो शेवटच्या फलाटावर पेटीवर बसला होता. मला बघून उभा राहिला, मग का कोण जाणे, परत बसला, परत उभा राहिला.

येताना मी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"तुमच्या सेन्सरच्या काचेवर रेघ आहे," मी म्हणाले. "ती मी ओढली. मला तेव्हाच दिसली होती. तरी मी झालं म्हणाले."

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"बुधवारी सकाळी दिसली मला. आभाळ अगदी कोरं होतं."

"मग... आला का नाहीत?"

"तीनदा आलो. एकदा तुम्ही टेबलाखाली गेलात. मग एकदा धीर झाला नाही. आणि मग तुमचे दादा दारात. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? तुम्हाला बोलणी बसली असती."

"आणि तुमचे फोटो?"

"कॅमेरा उलटा लावतोय. डोकं खाली करून. मग रेघ आभाळात येत नाही, खालच्या कडेला झाडांचे शेंडे दिसतात, त्यांत येते. झाडाला एखादी फांदी जास्त झाली तर कोण मोजतंय? घरी आल्यावर फोटो सुलटा करायचा."

"दोन महिने असंच करणार होतात?"

"ठरवलं होतं तसं."

मला रागच आला. कुणाचा ते कळेना. "तुम्ही तक्रार करायला हवी होती."

"तक्रार नव्हती." तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "फक्त एक कळत नव्हतं, तुम्हाला माहीत आहे की नाही. माहीत नसेल, तर कशाला दुखवायचं? पण माहीत असूनही तुम्ही बोलला नसाल... तर मग वाईट वाटण्यासारखं होतं. का, ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. एका दिवसाची तर ओळख. तरी चार दिवस कशात लक्ष नव्हतं. काल सकाळचा फोटो काढायलाच विसरलो. सहा वर्षांत पहिल्यांदा."

मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

"हात चुकला कसा?" त्याने विचारलं. "तुमचा हात चुकणारा वाटत नाही."

"तुम्ही गाल फुगवलेत."

"मग निम्मी चूक माझी."

"नाही. चूक सगळी माझी. हसू निम्मं तुमचं."

तो मान खाली घालून हसला. बसचं इंजिन सुरू झालं. मी माझा कॅमेरा काढला. "हा घेऊन जा. तुमचा माझ्याकडे राहील. नवी काच मागवते, तीन आठवडे लागतील. लेन्स इथेच बदलायला हवी, पण वारा आहे. वाऱ्याकडे पाठ करा."

त्याने केली.

"जवळ या."

आला.

"अजून. आणि जाकीट असं दोन्हीकडून धरा."

त्याने जाकिटाची दोन टोकं धरून माझ्या हातांभोवती आडोसा केला. आत त्याच्या अंगाची ऊब होती, साबणाचा वास होता. दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडं खाली करून मी लेन्स फिरवली, काढली, बसवली. खट्‌ करून आवाज आला. काम तेवढंच होतं. पण मी लगेच मागे झाले नाही, आणि त्यानेही जाकीट सोडलं नाही. फाटकाशी दादा फार मन लावून गाडीचा आरसा पुसत होता.

"काच बसवली की मी स्वतः घेऊन येईन वर," मी जाकिटालाच सांगितलं.

"कुरियरनेही येतं."

"मी कुरियरने पाठवत नाही. धक्के बसतात."

"वर बघण्यासारखं काही नाही, आधीच सांगतो. आठवड्यातले पाच दिवस धुकं. एक खोली, एक गच्ची, आणि मी."

"बघू," मी म्हणाले. "गच्ची बरी असेल."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याने पेटी उचलली, माझा कॅमेरा गळ्यात घातला, दोनदा पट्टा चाचपला आणि पायरीवर पाऊल ठेवलं.

"पोचलास की फोन कर," मी म्हणाले.

म्हटल्यावर ते माझं मलाच ऐकू आलं. परत घ्यावं का, असं एक क्षण मनात आलं... पण मी नाही घेतलं. तो पायरीवरच वळला. मागून कुणीतरी "चला हो" म्हणालं. तो आत गेला, आणि दार मिटलं.

बस फलाटावरून मागे सरकली, वळली. मी तिथेच उभी, हातात त्याचा कॅमेरा, कान गरम झालेले. मग शेवटून दुसरी खिडकी कुरकुरत उघडली. त्याने डोकं बाहेर काढलं, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"करतो गं," तो म्हणाला.