भोकाचा पैसा

हसा लेको, हसा. माझ्या मेव्हण्याच्या घरी घडलंय हे, गेल्या डिसेंबरात, दुसऱ्या शुक्रवारी. तांबट आहे तो.

दुपारी तो जुन्या वखारीकडे तांब्याची मोड, म्हणजे भंगार, आणायला गेला. तिथं एके काळी परदेशी व्यापाऱ्यांची टांकसाळ होती. मायदेशाहून सुटे पैसे वेळेवर येईनात, म्हणून हे पठ्ठे मोडक्या बोटींचा तांब्याचा पत्रा कापून तिथंच जाडेभरडे पैसे पाडायचे. पुढे व्यापारी गेले आणि त्या पैशांना कुणी विचारेना. तांबटांनीच ते वितळवून भांडी केली. आता गटाराचा चर खणताना आणखी मूठभर निघाले होते. मजुरानं त्यातला एक वेगळा काढून दिला, भोक पाडलेला.

"हा लहान पोराच्या हाडांपाशी होता हो," तो म्हणाला.

तांबटांचा एक नेम आहे. भोकाचा पैसा वितळवायला मुशीत टाकायचा नाही, तो कुणाच्या तरी गळ्यातला असतो. मेव्हण्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण चार वर्षांच्या लेकीला पेला करायचा होता, तांबं जरासं कमी पडलं… आणि हा गाढव टाकून मोकळा झाला!

संध्याकाळी लेक नव्या पेल्यातून पाणी प्यायली, झोपली. हा मात्र जागाच.

बाराच्या पुढे दार वाजलं. हलकंच.

"काका, माझा पैसा द्या ना."

लहान पोरीचा आवाज.

"वितळला गं… चुकलं माझं."



"मग… दुसरं काय देता?"

त्याची नजर झोपलेल्या लेकीकडे गेली. लगेच फिरवली त्यानं. पण गेली होती.

"मला ने," तो म्हणाला.



त्यानं दार उघडलं. कुणी नव्हतं. पेला घेऊन तो चराकडे धावला, हातांनी माती उकरून पुरला. ढसाढसा रडला म्हणे तिथंच.

परतला तेव्हा उजाडलं होतं. बायको लेकीची वेणी घालत होती.

"अहो, हिच्या गळ्यात काय बांधलं होतंत रात्री?"

गळ्याभोवती दोऱ्याएवढी हिरवी रेघ. छातीवर गोल हिरवा डाग. डागाच्या वरच्या कडेला तिळाएवढी जागा कोरी.

साबण झाला, लिंबू झालं. जात नाही. आणि बायकोला खरं सांगायची त्याची अजून छाती झालेली नाही.