बरणीत पाणी आलं कुठून?

बरणी घट्ट बंद होती, तरी आत पाणी होतं. भर नदीत, कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या चिंचोळ्या होडीच्या) तळाशी ठेवलेल्या त्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीकडे सुरंगी डोळे फाडून बघत होती. आतल्या बाजूला मोहरीएवढे थेंब जमले होते आणि दोन तर ओघळायलाही लागले होते. खाली होतं सुपारीएवढं खूणयंत्र (आपण नदीत आहोत हे धरणाला रेडिओलहरींनी कळवत राहणारं यंत्र). त्याचा हिरवा दिवा मध्येच विझत होता, मध्येच पेटत होता.

अकरा वर्षांची सुरंगी घाबरली. घाबरणारच. वरच्या धरणाची दारं आता माणसं उघडत नसत, यंत्रच उघडत असे. सकाळी साडेनऊला ते नदीभर कानोसा घेई. एखाद्या खूणयंत्राची हाक ऐकू आली तर थांबे, नाही आली तर नदी रिकामी समजून पाणी सोडून मोकळं होई. त्या लोंढ्यापुढे दोन माणसांची कयाक म्हणजे वाळकी काडी.

मोठ्या होड्यांना पाणी न शिरणारी यंत्रं होती. कयाकच्या पुढच्या टोकाला माशांसाठी गळ टाकून बसलेल्या भिकाजी आजोबांनी मात्र आदल्या दिवशीच दुरुस्तीच्या दुकानातून स्वस्तातलं, कवच नसलेलं यंत्र आणलं होतं. त्यासाठीच ही बरणीची युक्ती. धातूच्या डब्यात रेडिओलहरी अडकतात, प्लास्टिकमधून आरपार जातात, म्हणून बरणी प्लास्टिकची. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं कडंही आजोबांनी स्वतः कापून बसवलं होतं.

"आजोबा, दिवा जातोय," सुरंगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

आजोबांनी गळ गुंडाळला नाही, सरळ दोरी कापली. दोघांनी जीव खाऊन वल्ही मारली. धक्क्याला लागले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि दिवा पुरता विझला होता. साडेनऊ उलटले आणि थोड्याच वेळात नदी फेसाळत, झाडाच्या फांद्या ओढत समोरून गेली. आपण आत्ता जिथे होतो तिथूनच ती जातेय, हे दोघांनाही दिसत होतं.

"रबर झिजला असतला," आजोबा बरणीचं झाकण चाचपत पुटपुटले.

पण सुरंगीला ते पटेना. आदल्याच संध्याकाळी तिने बरणीत कागद ठेवून, वर दगड ठेवून, ती तासभर बादलीत बुडवली होती. कागद कडकडीत कोरडा निघाला होता. मग एका रात्रीत रबर झिजलं कसं?

धक्क्यावर एका पायावर उभा राहून होड्यांची नोंद ठेवणारा यंत्रमानव होता. गावाने त्याचं नाव बगळा ठेवलं होतं. सरळ उत्तर देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. रक्तच नव्हतं म्हणा. सुरंगीने सगळी हकिगत सांगितल्यावर त्याने उलट तिलाच विचारलं, "कालच्या आणि आजच्या बरणीत फरक काय?"

सुरंगी आठवू लागली. काल बादलीत टाकीतलं उन्हाने कोमट झालेलं पाणी होतं. आज नदीचं, म्हणजे धरणाच्या तळातून आलेलं गारठलेलं पाणी. काल बरणी घरात बंद केली, आज वाळूत बसून. आणि आज आजोबांनी, नेहमीप्रमाणे, झाकण लावायच्या आधी बरणीत जोरात फुंकर मारली होती. वाळूचा एक कण कड्याखाली राहिला तरी पाणी शिरतं, म्हणून डबा फुंकूनच बंद करायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय.

"पाणी बाहेरून आलंच नाही," ती सावकाश म्हणाली. "ते आत होतंच. दिसत नव्हतं."

बगळ्याने मान हलवली आणि मग मात्र नीट समजावलं. हवेत बाष्प (डोळ्यांना न दिसणारी पाण्याची वाफ) असतं. गरम हवेत ते पुष्कळ राहू शकतं, गार हवेत थोडंच. आपला श्वास तर गरमही असतो आणि ओलाही. अशी हवा कोंडून बरणी गार पाण्याला टेकवली की आतली हवा थंड होते आणि जास्तीचं बाष्प बरणीच्या गार भिंतीवर थेंब होऊन बसतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात.

आजोबांनी बरणी उचलून उजेडात धरली. "म्हणजे ता पाणी मीच भरलंय? माझ्या नातीच्या होडीत?"

त्यांचा चेहरा पाहून सुरंगीला रडू आलं. तिने दुसरी तशीच बरणी आणली. एकीत फुंकर मारली, दुसरी नुसती कोरड्या फडक्याने पुसली आणि दोन्ही घट्ट बंद करून धक्क्यावरूनच नदीत बुडवल्या. थोड्या वेळाने पहिली धुरकटली. दुसरी स्वच्छ राहिली.

खूणयंत्र दोन दिवस सावलीत वाळलं आणि नशिबाने पुन्हा जागं झालं. आता बरणी घरीच, कोरड्या हातांनी बंद झाली. आत कोंडलेली हवा कमी राहावी म्हणून सुरंगीने मोकळ्या जागेत कोरडं फडकं कोंबलं. औषधाच्या बाटलीतली ओलावा शोषणाऱ्या मण्यांची पुडी टाकली. बरणी गार तळाशी न ठेवता आजोबांच्या तरंगत्या जाकिटाला, खांद्यापाशी बांधली. नदीत उतरण्याआधी बगळ्याने यंत्राची हाक दोनदा तपासली.

तरीही साडेनऊ जवळ आले तसं तिने वल्हं थांबवलं. काठ हाताशी होता, पण गळ ओढ घेत होता तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती फक्त आजोबांच्या खांद्यावरचा हिरवा दिवा पाहत होती. धक्क्यावरून भोंगा वाजला आणि पाठोपाठ बगळ्याचा आवाज आला, "नदीत दोन माणसं आहेत. दारं बंद राहतील."

सुरंगीने मोठा श्वास सोडला. एवढ्याशा श्वासात इतकं पाणी, मग गावावरच्या सगळ्या हवेत किती असेल? मे महिन्यात विहिरी आटतात तेव्हा ते काढता येईल? तिने आजोबांना विचारलं.

"माका ठावक नाय," आजोबा म्हणाले. "तू शोधून काढ. तवसर मी वल्हवतंय."