धुक्याला नाव देऊ नये

लांग्लादला जायचं ठरलं की आर्मेलच्या घराला लग्नघराची कळा येई. वास्तविक जायचं कुठे, तर सें-पियेरच्या बंदरातून निघून समोरच्या बेटावर, उन्हाळ्याचे चार दिवस काढायला. पण तिकडे ना दुकान, ना बेकरी. मिठापासून गादीपर्यंत सगळं इथून न्यायचं. हिवाळाभर बंद राहिलेल्या त्या लाकडी घरात उंदरांखेरीज काही सापडायचं नाही. त्या दिवशी सकाळी आर्मेल पाव आणायला म्हणून बाहेर पडली आणि परतली ती पाव, लोणी, मेणबत्त्या आणि शेजारणीकडून मागून आणलेली मोठी कढई असं ओझं घेऊन.

बेत पक्का होता. मुलगा एर्वान दुपारी आपल्या होडीतून गाद्या आणि गॅसची टाकी घेऊन पुढे जाणार, घर उघडून चूल पेटवणार. आर्मेल आणि तिची थोरली नणंद जेर्मेन उद्या सकाळच्या फेरीबोटीने मागून येणार. जेर्मेन वन्सं ऐंशीच्या पुढच्या. 'यंदाचं लांग्लाद माझं शेवटचं' असं त्या दर उन्हाळ्यात सांगत आणि दर उन्हाळ्यात बोटीत सगळ्यांच्या आधी चढून बसत.

"हा डबा ने रे बरोबर," वन्सं म्हणाल्या. "रात्रभर मंद आचेवर ठेवलं होतं. सशाचं मटण..."

"आत्या!" एर्वानने कानांवर हात ठेवले. "होडी काढायच्या दिवशी त्या प्राण्याचं नाव घेतेस? लांबकान्या म्हण, लांबकान्या!"

"नाव काहीही घे, खाताना बोटं चाटतोस ती चाटतोसच."

"तुझा लांबकान्या उद्या तुझ्याबरोबर फेरीबोटीने येऊ दे. ती सरकारी आहे, तिला कशाची बाधा होत नाही."

आर्मेलही हसली, पण जरा बेताने. दर्यावरचे असले नियम तिने कधी फारसे मानले नव्हते. एक नियम मात्र ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. धुक्यात माणसाला नावाने हाक मारायची नाही. किनाऱ्यावर उभं राहून भोंगा फुंका, पत्र्याचा डबा बडवा, पण तोंडातून नाव काढू नका. धुक्यात माणसाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही, म्हणून हा नियम, असं शाळेतले मास्तर सांगत. आर्मेलची आजी वेगळं सांगे. ती म्हणे, धुक्याला नाव दिलं की ते ठेवून घेतं.

एर्वान लहानपणी एकदा वाळूच्या टेकड्यांत धुक्यात चुकला होता. तेव्हा आर्मेल तासभर कढई बडवत उभी राहिली. पण एर्वानचं नाव काही तिने उच्चारलं नाही. पोर कढईच्या आवाजावर चालत घरी आलं. मोठा झाल्यावर तो मित्रांना सांगायचा, "आमच्या आईला मी हरवलो तर चालेल, नियम मोडलेला चालणार नाही."

दुपारी होडी गेली तेव्हा ऊन होतं. आर्मेल घरी येऊन चादरींच्या घड्या घालायला बसली आणि तासाभरात समोरच्या घराचा पिवळा रंग दिसेनासा झाला. जून महिना. कापलां नावाचे चांदीसारखे बारके मासे किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि त्यांच्या मागोमाग हे धुकं येतं. त्यात आश्चर्य काही नव्हतं. पण हे धुकं फार लवकर आलं होतं आणि फार दाट होतं. अंधार झाला असता तर दिवा तरी लावता आला असता. हा भर दुपारचा पांढरा उजेड, आणि त्यात हाताची बोटं दिसत नाहीत. ओल्या दोरखंडांचा आणि कुजक्या शेवाळाचा वास दाराच्या फटींतून आत येत राहिला.

तेवढ्यात तिची नजर स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेली. एर्वानचा मोबाइल तिथेच चार्जिंगला लावलेला होता. शहाणा तो विसरून गेला होता.

मग मात्र तिच्याने घरात बसवेना. भिंतीवरून पत्र्याचा भोंगा काढून ती धक्क्यावर गेली. पाणी दिसतच नव्हतं, फक्त खांबांवर चुबुक चुबुक आवाज येत होता. तिने भोंगा फुंकला. थांबली. पुन्हा फुंकला. दीपगृहाचा मोठा भोंगा दूर कुठेतरी रेड्यासारखा हंबरत होता. त्याच्यापुढे तिचा भोंगा म्हणजे दर्यामे खसखस. एर्वान परत फिरला असेल, इथेच कुठेतरी जवळ असेल, खडकांवर आदळत असेल, असं एकेक मनात येऊ लागलं. आणि मग, इतकी वर्षं दाताखाली धरलेली जीभ सुटली.

"एर्वाऽऽन!"

आवाज धुक्यात शिरला. आणि परत आला नाही. प्रतिध्वनी नाही, काही नाही. कोणीतरी ओंजळीत झेलून घ्यावा तसा गेला.

"एर्वाऽऽन! एर्..."

मागून एक सुरकुतलेला हात तिच्या तोंडावर पडला. जेर्मेन वन्सं. काठी न घेताच धावत आल्या होत्या, धाप लागली होती.

"अगं, वेड लागलं का तुला?" त्या कुजबुजल्या. "तू... तू नाव घेतलंस?"

"वन्सं, तो बाहेर आहे..."

"बाहेर आहे म्हणूनच तर! किती वेळा घेतलंस?"

वन्संनी तिच्या हातातून भोंगा घेतला आणि गालाची हाडं वर येईपर्यंत फुंकला. मग त्या म्हणाल्या, "जा, घरी जाऊन बस. त्याने फोन केला तर उचलायला कोणी नको का? मी आहे इथे."

आर्मेल भिंती चाचपत, दुखऱ्या गुडघ्याचा डावा पाय ओढत घरी आली. सें-पियेरच्या घरांना दाराबाहेर रस्त्यावर पुढे आलेली एक लाकडी खोली असते, कपाटाएवढी. तिला तांबूर म्हणतात. वारा आणि बर्फ आत येऊ नये म्हणून ती. तिथे बूट आपटायचे, काढायचे आणि मग आतलं दार ढकलून घरात यायचं. टकटक करतो तो परका. आतल्या दाराला कडी लावणारं माणूस गावात शोधून सापडायचं नाही. आर्मेलच्या दाराला तर कडीच नव्हती.

ती अर्धवट भरलेल्या पेट्यांच्या मधोमध बसली. नवरा अंथरुणात मेला होता, म्हणजे दर्यावर्दीच्या घराण्यात भाग्याचंच मरण. एवढा एक मुलगा उरला होता. आणि आपण त्याचं नाव आपल्या तोंडाने दिलं, ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात घण घालत राहिली. बाहेर वन्संचा भोंगा मधूनमधून ऐकू येत होता.

मग तांबूरचं बाहेरचं दार करकरलं.

बूट आपटल्याचा आवाज आला. धप्प. धप्प. रबरी, जड, पाण्याने भरलेले.

"आई..."

आर्मेल उभी राहिली. ती हसत होती, रडत होती. आवाज त्याचाच. जरा गारठलेला, पण त्याचाच.

"आई... उघड ना. बोटं गारठलीत."

ती दारापर्यंत पोचली. मुठीवर हात ठेवला. आणि भिंतीवरचा फोन वाजला.

वाजू दे, असं तिला वाटलं. पण हा पोरगा दार ढकलून आत का येत नाही, असंही वाटलं. बोटं गारठली म्हणून काय झालं, खांद्याने ढकलतोच की तो नेहमी! तिने मुठीवरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने फोन ओढला.

"आर्मेल?" लांग्लादच्या शेजारणीचा, लुसीचा आवाज. मागे तिचा कुत्रा भुंकत होता. "अगं, तुझा दिवटा माझ्याकडे बसून माझं सूप संपवतोय! चिंब भिजलाय. काळजी नको करूस. घे, बोल त्याच्याशी."

"आई," फोनमध्ये एर्वान म्हणाला. तोंडात पाव होता. "मोबाइल राहिला गं. ओरडू नकोस."

आर्मेलने मुठीवरचा हात काढला. पाठ दाराला लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि फोनची वायर ताणली गेली तेवढी ताणू दिली.

"बोल," ती कशीबशी म्हणाली. "बोलत राहा."

"गंमत ऐक. मधोमध असताना इंजिन बंद पडलं, आणि सगळीकडे दूध सांडल्यासारखं पांढरं. वल्ही मारत होतो, पण कुठे जातोय कळेना. तेवढ्यात तुझी हाक आली. अगदी तुझी! एर्वान, एर्वान. मी आनंदाने ओ दिली, एकदाच, 'आई!' म्हणून. होडी पण वळवली. मग डोक्यात आलं, आमची आई, आणि धुक्यात नाव घेईल? जीव गेला तरी घ्यायची नाही. म्हणून बरोबर उलट दिशेला वल्ही मारली आणि वाळूला लागलो. लुसीताई म्हणते, हाक आली त्या बाजूला नुसता मोकळा समुद्र आहे. तुझ्या नियमाने वाचलो बघ. आता कधी चेष्टा करणार नाही."

आर्मेलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पोरगं जिवंत होतं, सूप पीत होतं, तोंडात घास ठेवून बोलत होतं. याहून जास्त तिने देवाकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आपण खरंच हाक मारली होती, हे सांगायला तिची जीभ उचलली नाही.

पाठीमागे दार किंचित आत दबलं. खालच्या फटीतून गार, खारट वारा तिच्या घोट्यांना लागला.

"आई..." दाराच्या पलीकडून आवाज आला. अगदी तिच्या खांद्याच्या उंचीवर. "आई... येतेस ना?"

तिने ओठ घट्ट मिटले. दातांखाली रक्ताची चव आली.

आणि तांबूरमधून उत्तर आलं.

"आले रे बाळा. आले."

तो आवाज आर्मेलचा होता. तिचा स्वतःचा, मायेने भरलेला, घाईत असताना शेवटी जरासा चिरकणारा.

बाहेरचं दार करकरलं. दोघांची पावलं रस्त्यावर उतरली. एक जड, पाण्याने भरलेलं. दुसरं डावा पाय किंचित ओढत चालणारं, आर्मेलच्या दुखऱ्या गुडघ्यासारखं. ती पावलं बंदराच्या दिशेने गेली आणि ऐकू येईनाशी झाली. दारावरचा दाब गेला. धक्क्यावर वन्संचा भोंगा पुन्हा वाजला. वन्सं सुखरूप होत्या, त्यामुळे आर्मेलला आणखी एकदा रडू आलं. हायसं वाटणं इतकं जड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती दाराला टेकून तशीच खाली बसली.

"आई?" फोनमध्ये एर्वान हसत होता. "आले काय म्हणतेस? या धुक्यात कशाने येणार? उद्याच ये आत्याबरोबर."

"हो रे," आर्मेल म्हणाली. "उद्या सकाळी, उन्हात येते. पावही आणते." मग तिने फोन तोंडाशी धरून आवाज खाली आणला. "एर्वान, आज लुसीकडेच झोप. आणि ऐक... आज रात्री मी आले, तर दार उघडू नकोस."