पाठीवरचा हात

तपासणी साधीच होती. भर दुपारी यवतमाळच्या एका दवाखान्यात गेलो, तारांचं जाकीट अंगात चढवलं आणि खाटेवर आडवा झालो. वर्षभर माझ्या छातीतले ठोके मनाला येईल तसे पडत होते. हे जाकीट कापाकापी न करता पडद्यावर हृदयाचा नकाशा दाखवतं. ठोक्यांचा हा गोंधळ आपोआप थांबतो कसा, याचा डॉक्टर निकिता अभ्यास करत होत्या. चालू गोष्टी कशा थांबतात याचा कचेरीत माझाही दांडगा अभ्यास झाला होता, पण मला कोणी विचारलं नाही.

"काका, आज नाही थांबलं तर नागपूरला विजेचा झटका द्यावा लागेल."

मी धीट माणसासारखा हसलो.

शेजारच्या खाटेवर राळेगावकडच्या बंजारा तांड्यावरचा बाबूसिंग होता. त्यालाही तसंच जाकीट. त्याचा गोंधळ मात्र नुकताच थांबला होता.

"भेता काहून, साहेब?" मोठा, खरबरीत पंजा हलवत तो हळूच म्हणाला. "माही बायको, मोतीबाई, पाठीवर हात ठेवते. थांबते मंग."

"कुठे आहेत त्या?"

"दिवाळीत वारली ना."

मी पडद्याकडे मान वळवली.

"थांबा, तुमच्याकडं धाडतो. कोनी अडलं त आमच्या तांड्यात घरच्या बाईले धाडतेतच मदतीले."

भिंतीकडे पाहून तो आपल्या बोलीत काही पुटपुटला. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात चुलीचा धूर मिसळला. मग पाठ आणि गादी यांच्यामध्ये, जिथे कागदसुद्धा सरकला नसता, एक थंड तळवा टेकला.

ठोका... ठोका... ठोका. एका चालीत.

"पाठीकडून थांबलं..." डॉक्टर पडद्याजवळ वाकल्या. "पाच ठिकाणी, एकदम? तारा सैल असतील."

तेवढ्यात बाबूसिंगचं यंत्र किंचाळू लागलं.

"साहेब... आता परत धाडा तिले."

"कसं?"

"म्हना ना... जाय म्हना..."

"जा बाई," मी म्हणालो. मग "कृपया" जोडलं. उभी नोकरी लोकांना परत पाठवण्यात गेली, पण ही बाई हलेना. बाबूसिंग आपल्या बोलीत तिला हाका मारत राहिला. त्याला नागपूरला हलवलं. वाटेतच तो गेला.

आठवडा झाला. माझे ठोके उत्तम आहेत. तिला माझी भाषा कळली नाही, की तिला जायचंच नव्हतं, की मी मनापासून म्हटलंच नाही? काही उमगत नाही.

काल जेवताना पाठीवर दुसरा हात टेकला. मोठा, खरबरीत.

तो आधार देत नाही. ढकलतो.