दुसरा घोट

मेघनाच्या कामाचे नियम शेंबड्या पोरालाही पाळता येतील इतके सोपे होते. पंखा बंद, मोबाइल बंद, चुलीवरचा कुकर खाली. पेशंटच्या गळ्यावर टिकलीएवढा मायक्रोफोन चिकटवायचा आणि चमचाभर घट्ट पेज त्याच्या तोंडात द्यायची. एक चमचा, एक घोट. अर्धं मिनिट थांबून पुढचा चमचा. असे दहा. "लोक गाणी ऐकतात, मी लोकांचं गिळणं ऐकते," असं ती स्वतःच हसून सांगायची.

बारामतीच्या एका पुनर्वसन केंद्रात ती वाचा आणि गिळण्याच्या विकारांवर काम करत होती. लकव्यानंतर घसा दुबळा होतो, घास चुकून श्वासनलिकेत उतरतो आणि लकव्यातून वाचलेला माणूस न्यूमोनियानं जातो. घास नीट उतरतो की नाही हे खात्रीनं बघायचं तर एक्स-रेखालची तपासणी लागते, आणि ती पुण्यात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला इंदापूर तालुक्यातून पुण्यापर्यंत कोण नेणार? नुसत्या आवाजावरून ते कळेल का, एवढाच तिच्या संशोधनाचा प्रश्न होता. त्यासाठी तिनं अठ्ठावीस घरं निवडली होती. दर गुरुवारी अंथुर्णे गाव.

अंथुर्ण्यात कालव्याच्या अलीकडे सावळाराम तात्यांचं घर. समोर ढोबळी मिरचीचं शेडनेट, बाजूला डाळिंबाची बाग आणि पडवीत खाटेवर तात्या. चार महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. नाकातून घातलेली नळी गालावर चिकटपट्टीनं डकवलेली असायची, तिच्यातून दिवसातून सहा वेळा पातळ अन्न पोटात जायचं. बायको प्रयागबाई सगळं करायच्या. पुस्तक वाचून डॉक्टर झालेल्यांनी शिकावं इतक्या निगुतीनं करायच्या.

"ताई, माझं एकच मागणं हाय," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "ह्यांच्या तोंडात माझ्या हातचा घास जाऊ दे. आन् एक शब्द बोलू दे. कंचा बी."

त्या पहिल्या दिवशीच मेघनाकडून चूक झाली. तेव्हा ती चूक वाटलीही नाही.

रेकॉर्डिंग सुरू होतं आणि हेडफोनमध्ये बारीक किणकिण येत होती. प्रयागबाई चमचा द्यायला वाकल्या की त्यांच्या गळ्यातलं काहीतरी मण्यांवर आपटत होतं. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. मेघनाच्या घरी आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हापासून देव्हारा नव्हता. असल्या वस्तूंशी तिचा संबंध कधी आला नव्हता. तिला ते पेंडंट वाटलं.

"मावशी, ते जरा काढून ठेवता का?"

प्रयागबाईंचा हात गळ्याशी गेला. "टाक हाय तो. थोरलीचा. चाळीस वर्सांत काढला न्हाय मी."

"पाचच मिनिटं."

शिकलेल्या माणसाला नाही म्हणायची प्रयागबाईंना सवय नव्हती. त्यांनी टाक काढला, कपाळाला लावला आणि कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बारामतीत सुयोगनं तिला हाक मारली. आवाजाच्या फायली तपासायचं काम त्याचं. "मॅडम, हे अंथुर्ण्याचे तात्या. चमचे दहा आणि घोट वीस."

मेघनानं ऐकलं. पहिला घोट अडखळत, ओढून ताणून आलेला. बरोबर तीन सेकंदांनी दुसरा. मोठा, घाईचा, घटाघटा पाणी पिणाऱ्याच्या गळ्यातून यावा तसा. तिचं मन खट्टू झालं. एका चमच्याला दोन घोट याचा अर्थ पहिल्या घोटात घसा रिकामा होत नाही, अन्न मागे उरतं. म्हणजे नळी काढायची नाही. प्रयागबाईंना हे सांगायचं तिच्या जिवावर आलं.

पुढच्या गुरुवारी तिनं तात्यांच्या कंठमण्यावर स्वतःचं बोट ठेवलं. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत माळेगावच्या साखर कारखान्याकडे निघाले होते. ते लांब जाईपर्यंत ती थांबली. मग चमचा दिला. बोटाखाली कंठ वर सरकला, खाली आला. हेडफोनमध्ये घोट ऐकू आला. दोन सेकंद गेले.

दुसरा घोट ऐकू आला. बोटाखालचा कंठ हलला नव्हता.

मेघना बावळट नव्हती. तिनं मायक्रोफोन बदलला. वायर बदलली. प्रयागबाईंना अंगणात बसवलं, कारण भरवणारं माणूस नकळत स्वतःही गिळतं. मग तिला स्वतःचाच संशय आला, म्हणून तिनं जीभ दातांत घट्ट धरून चमचा दिला. दुसरा घोट आलाच. तात्या तिच्याकडे टक लावून बघत होते. डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि सोडेनात.

"मावशी," तिनं निघताना विचारलं, "ती थोरली म्हणजे कोण?"

"अक्काबाई. ह्यांची पयली." प्रयागबाई पदरानं पेजेचं भांडं पुसत राहिल्या. "घशाचं दुखणं झालं तिला. आखरीला पाणी बी उतरंना. भाकरी भाजताना चुलीपाशी येऊन बसायची म्हणं, नुसता वास घ्यायला. भुकेली गेली बिचारी. म्हणून माझ्या लग्नात सासूनं तिचा टाक माझ्या गळ्यात घातला. जेवताना पयला घास टाकाला लावायचा, मग आपुन खायाचं."

मेघनाला स्वतःची लाज वाटली. "मग घाला ना परत. मी उगीचच काढायला लावला."

"घातला की, त्याच सांजंला. घास बी लावते." त्यांनी टाक दोन बोटांत धरून उचलला. "पर ताई, पयल्यावानी वाटत न्हाय. आत कोण न्हाय आसं वाटतंय."

मेघनानं वही काढली. असल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर पंधरा वर्षांचं शिक्षण नीरेच्या कालव्यात सोडून द्यावं लागलं असतं. तिनं वहीत फक्त लिहिलं: अंतर दोन सेकंद.

तिसऱ्या गुरुवारी अंतर एका सेकंदावर आलं. चौथ्याला अर्ध्यावर. गिळण्याच्या व्यायामानं घसा सुधारतोय, असा त्याचा सरळ अर्थ सुयोगनं काढला, आणि मेघनाला तो मनापासून हवा होता. अठ्ठावीस जणांमधला हा पहिला पेशंट असता ज्याची नळी केवळ आवाजावरून निघाली असती.

पाचव्या गुरुवारी अखेरची चाचणी झाली. चाचणीच्या वेळी पेशंटला हात लावायचा नाही, असा नियम तिनंच लिहिलेला होता. तिनं बोट ठेवलं नाही.

दहा चमचे. दहा घोट. प्रत्येक घोट मोठा, स्वच्छ, निरोगी माणसाचा.

प्रयागबाई रडल्या. मेघनाचेही डोळे भरले. पहिला अडखळता घोट नेमका कुठे गेला, हा प्रश्न तिला त्याच क्षणी पडला होता. पण समोर ती माउली पाया पडायला वाकत होती आणि मेघनानं तो प्रश्न मागे ढकलला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढली.

आठवड्यानं ती गेली तेव्हा दुपारचं जेवण चाललं होतं. दुधात कुस्करलेली भाकरी. प्रयागबाईंचा चेहरा उजळला होता.

"या ताई! एका वक्ताला दोन भाकरी खात्यात. ठसका न्हाय, खोकला न्हाय. पुन्हा तोंड उघडत्यात, दे म्हणून!"

तात्यांच्या सदऱ्याची बाही सैल लोंबत होती. मेघनानं टेप काढून दंडाचा घेर मोजला. गेल्या वेळी चोवीस सेंटिमीटर होता.

एकोणीस.

तिनं पुन्हा मोजला. ओठांना भेगा पडल्या होत्या. जीभ कोरडी, लाकडासारखी.

"मावशी, एक घास द्या बघू," ती म्हणाली. या वेळी तिनं बोट ठेवलं.

चमचा तोंडात गेला. तात्यांनी ओठ मिटले. घोटाचा आवाज झाला. मायक्रोफोन बॅगेतच होता, तरी पडवीभर ऐकू आला.

बोटाखाली काहीच हललं नाही.

"तात्या, आ करा."

तोंड स्वच्छ रिकामं होतं.

"मावशी, थांबा. आता भरवू नका. आपल्याला बारामतीला जायचंय, आत्ताच्या आत्ता." मेघनानं फोन काढला.

तात्यांचे ओठ हलले. पाच महिन्यांत न निघालेला आवाज घशातून खरवडत वर आला.

"भूक."

"बोललं! ताई, बोललं!" प्रयागबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मेघनाचा शब्द त्यांच्या कानांवर पडलाच नाही. "भूक लागली म्हणत्यात! देते हं, देते."

त्यांनी घाईघाईनं चमचा भरला आणि पुढे केला. चमचा तात्यांच्या ओठांपासून वीतभर लांब होता, तेव्हाच घोटाचा आवाज झाला.

चमचा रिकामा होता.